आधी विचारा, मग मोजा

शाळांतून विज्ञान प्रदर्शनाची तयारी सुरू झाली, की आमच्या प्रयोगशाळेच्या दारात हातात वही घेतलेली मुले दिसू लागतात. मी महाविद्यालयात शिकवतो पदार्थविज्ञान, पण "सर, एवढे आकडे जमवलेत, आता पुढे काय करायचे?" असे विचारणाऱ्यांना त्याचे काही वाटत नाही. ज्याला गणित येते त्याने आकड्यांबद्दल सल्ला द्यावा, अशी त्यांची साधी अपेक्षा असते.

काही वर्षांपूर्वी अशाच एका गटाला मी जो सल्ला दिला तो चुकीचा होता. ती हकीकत येथे सांगतो. संख्याशास्त्राचा सल्ला केव्हा मागावा, कसा मागावा आणि देणाऱ्याने तो कसा द्यावा, हे तिच्यावरून चांगले समजते.

चारशे उत्तरे आणि एक प्रश्न

डोंबिवलीतील एका शाळेच्या नववीतील ती चार मुले होती. त्यांच्या प्रकल्पाचा विषय होता, "डोंबिवलीकरांना कामावर पोचायला किती वेळ लागतो?" आपल्या शिक्षकांना बरोबर घेऊन ती दोन दिवस सकाळी रेल्वे स्टेशनबाहेर उभी राहिली आणि स्टेशनात शिरणाऱ्या शंभर माणसांना त्यांनी हा प्रश्न विचारला. सरासरी दीड तासाच्या आसपास आली. मग ती माझ्याकडे आली. त्यांचा प्रश्न एवढाच होता : शंभर माणसे पुरेत का?

मी प्राध्यापकी तत्परतेने सांगून टाकले, "वाचने जितकी जास्त, तितकी सरासरी विश्वसनीय. चारशे करा." मुले बिचारी आणखी कित्येक सकाळी लवकर उठली. चारशे उत्तरे झाली. सरासरी जवळजवळ होती तेथेच राहिली. "पाहा, कशी स्थिर झाली!" असे म्हणून मी त्यांची पाठही थोपटली.

तेव्हा इतका वेळ गप्प असलेली एक मुलगी म्हणाली, "सर, यात माझे बाबा कुठे आले? ते फेज दोनमधल्या कारखान्यात सायकलने जातात. त्यांना वीस मिनिटे लागतात."

माझ्याजवळ उत्तर नव्हते. तिचे वडील त्या चारशेंत नव्हते आणि चार हजार माणसे विचारली असती तरी आले नसते. जो माणूस स्टेशनावर येतच नाही, तो स्टेशनाबाहेर उभे राहून कसा भेटणार? बाजारात दुकान असलेले, शाळेत शिकवणारे, रिक्षा चालवणारे, घरच्या घरी शिवणकाम करणारे असे कितीतरी डोंबिवलीकर त्या वहीतून आपोआप गळले होते. आणि हा प्रश्न मी पहिल्याच दिवशी विचारायला हवा होता.

दोन प्रकारच्या चुका

पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेत आपण स्क्रू गेजने तारेचा व्यास मोजतो. प्रत्येक वाचन थोडे वेगळे येते. कधी किंचित जास्त, कधी किंचित कमी. ही यादृच्छिक चूक. पुष्कळ वाचने घेतली की अशा चुका एकमेकींना बऱ्याच अंशी खोडतात. पण स्क्रू गेजचा शून्यच सरकलेला असेल तर? मग प्रत्येक वाचन त्याच बाजूला तेवढ्याच मापाने चुकते. ही पद्धतशीर चूक. शंभर वाचने घेऊन ती कमी होत नाही. ती शोधावी लागते आणि दुरुस्त करावी लागते. दर वर्षी विद्यार्थ्यांना हे शिकवणारा मी, मुलांच्या प्रकल्पात मात्र ते विसरलो होतो.

समजण्यासाठी एक काल्पनिक गाव घेऊ. समजा, गावात कामावर जाणारी १,००० माणसे आहेत. त्यांतील ६०० गाडीने जातात आणि त्यांना सरासरी ९० मिनिटे लागतात. उरलेली ४०० गावातच काम करतात. त्यांना सरासरी २० मिनिटे लागतात. मग साऱ्या गावाची खरी सरासरी अशी :

(६०० × ९० + ४०० × २०) ÷ १,००० = ६२ मिनिटे

स्टेशनाबाहेर विचारणाऱ्याला मात्र ९० च्या आसपासच उत्तर मिळेल. आता समजा, गाडीने जाणाऱ्यांच्या वेळांचे प्रमाण विचलन २५ मिनिटे आहे. सरासरीची प्रमाण त्रुटी काढण्यासाठी त्याला माणसांच्या संख्येच्या वर्गमुळाने भागायचे. १०० माणसे असली तर २५ ÷ १० = २.५ मिनिटे; ४०० असली तर २५ ÷ २० = १.२५ मिनिटे. म्हणजे माझ्या सल्ल्याने यादृच्छिक चूक निम्मी झाली, पण ९० आणि ६२ यांमधली २८ मिनिटांची पद्धतशीर चूक तशीच राहिली. उलट सरासरी स्थिर दिसू लागल्याने आमचा चुकीच्या उत्तरावरचा विश्वास तेवढा वाढला!

मोठमोठ्यांनाही हा अनुभव आला आहे. १९३६ साली 'लिटररी डायजेस्ट' या अमेरिकन साप्ताहिकाने अध्यक्षीय निवडणुकीपूर्वी मतदारांचा कौल घेतला. २० लाखांहून अधिक उत्तरे आली आणि त्यांवरून लँडन निवडून येणार असे भाकीत केले गेले. प्रत्यक्षात रूझवेल्ट प्रचंड बहुमताने विजयी झाले. पत्रिका पाठवण्यासाठी वापरलेल्या याद्यांत टेलिफोन आणि मोटारी असलेल्यांचा भरणा होता आणि उत्तर पाठवण्याची तसदी घेणारेही सर्व मतदारांसारखे नव्हते. लाखांनी उत्तरे येऊनही हा दोष झाकला गेला नाही.

उत्तरीय तपासणी

१९३८ च्या जानेवारीत कलकत्त्याला भारतीय संख्याशास्त्र परिषदेचे पहिले अधिवेशन भरले. अध्यक्षस्थानी होते प्रसिद्ध ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर. प्रयोग उरकल्यावर संख्याशास्त्रज्ञाकडे जाणे म्हणजे पुष्कळदा त्याला प्रेताची उत्तरीय तपासणी करायला सांगण्यासारखे आहे. प्रयोग कशाने मेला एवढेच तो सांगू शकेल, अशा आशयाचे उद्गार त्यांनी तेथे काढले. आमची गत नेमकी तशी झाली होती.

तरीही तपासणीनंतर थोडेफार वाचवता येते. जमवलेले आकडे खोटे नव्हते. त्यांच्यावर घातलेले शीर्षक खोटे होते. "डोंबिवलीकरांना लागणारा वेळ" हे खोडून "सकाळी डोंबिवली स्टेशनातून गाडीने कामावर जाणाऱ्यांना लागणारा वेळ" असे लिहिले की प्रकल्प पुष्कळसा प्रामाणिक झाला. आकडे बदलायचे नाहीत; आकडे ज्यांच्याबद्दल बोलतात त्यांच्यापुरतेच विधान करायचे.

दोरीवरचे चूड

संख्याशास्त्राचा सल्ला वेळेवर मिळाल्याने काय साधते, याचे एक मोठे उदाहरण आपल्याच मातीतील एका माणसाचे आहे. पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांचा जन्म १९११ साली सातारा जिल्ह्यातील बुध या गावी झाला. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात शिकून ते लंडनला गेले आणि संख्याशास्त्रात डॉक्टरेट मिळवून परतले. १९४० पासून ते दिल्लीच्या कृषी संशोधन परिषदेत काम करू लागले. देशात धान्य किती पिकते, हा त्यांच्यापुढचा प्रश्न होता.

तोपर्यंत पिकाचा अंदाज मुख्यतः नजरेने होई. यंदा पीक रुपयात इतके आणे, असे सांगण्याची ती पद्धत. 'आणेवारी' हा शब्द आपल्या खेड्यापाड्यांत आजही ऐकू येतो. नजरेऐवजी मोजमाप करायचे, तर सगळे शेत कापून तोलणे शक्य नाही. म्हणून यादृच्छिक पद्धतीने गावे निवडायची, त्यांतून शेते निवडायची, शेतातली जागाही तशीच ठरवायची आणि तेथला छोटा तुकडा कापून धान्य तोलायचे. यालाच पीक कापणी प्रयोग म्हणतात.

पण तुकडा केवढा घ्यायचा? भारतीय सांख्यिकी संस्थेचे संस्थापक प्रशांतचंद्र महालनोबीस यांचा कल लहान तुकड्यांकडे होता. काम झटपट होते, खर्च वाचतो आणि तेवढ्याच पैशांत अधिक ठिकाणी तुकडे घेता येतात. सुखात्मे मोठ्या तुकड्यांच्या बाजूचे होते. दोघांमध्ये बराच वाद झाला. सुखात्मे यांनी केवळ युक्तिवाद केला नाही; त्यांनी संयुक्त प्रांतातील मुरादाबाद जिल्ह्यात गव्हाच्या शेतांत वेगवेगळ्या आकारांचे तुकडे कापून पाहिले. अगदी लहान तुकड्यांवरून काढलेले उत्पन्न मोठ्या तुकड्यांच्या मानाने जास्त येते, असे दिसून आले.

असे का व्हावे? कारण सीमेवर आहे. मुरबाड-शहापूरकडचे भाताचे खाचर डोळ्यांसमोर आणा. दोरी लावून वर्तुळ आखले आहे आणि एक चूड नेमका दोरीवर आला आहे. कापणारा माणूस काय करील? भरलेल्या लोंब्या सोडून देणे त्याच्या जिवावर येते. तो चूड आत धरला जातो. दर वेळी थोडी चूक, पण नेहमी आतच. म्हणजे स्क्रू गेजचा सरकलेला शून्यच!

आकड्यांत पाहू. समजा, अशा रीतीने ५ सेंटिमीटर रुंदीचा बाहेरचा पट्टा आत येतो. वर्तुळाची त्रिज्या ६० सेंटिमीटर असेल, तर प्रत्यक्षात ६५ सेंटिमीटर त्रिज्येचे वर्तुळ कापले जाते. (६५ ÷ ६०)² = १.१७. उत्पन्न १७ टक्के जास्त! त्रिज्या ३ मीटर असेल तर (३०५ ÷ ३००)² = १.०३, म्हणजे चूक ३ टक्क्यांच्या आसपास. तुकडा मोठा होत जातो तसे परिघाचे क्षेत्रफळाशी असलेले प्रमाण घटते आणि सीमेवरची चूक घटते. लहान तुकड्यांची नुसती संख्या वाढवून ती घटली नसती. हे तुम्हाला आता ओळखीचे वाटेल.

हा वाद केवळ पंडितांचा नव्हता. १९४३ चा बंगालचा दुष्काळ नुकताच होऊन गेला होता आणि देशात शिधावाटप चालू होते. कागदावर जास्त दिसणारे धान्य कोणाच्या ताटात पडत नाही. त्याच्या भरवशावर केलेली तजवीज मात्र कोसळते. महालनोबीस यांच्या बाजूनेही एक गोष्ट सांगितली पाहिजे : माणसे उत्तम शिकवलेली असली आणि सीमेचा नियम काटेकोर पाळला, तर लहान तुकड्यातली चूकही आटोक्यात राहू शकते. पद्धत निवडताना ती कोणाच्या हातून राबवली जाणार आहे, याचाही विचार करावा लागतो.

सुखात्मे पुढे १९५१ पासून रोमला संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेत संख्याशास्त्राचे काम पाहू लागले. विनायक गोविंद पानसे यांच्यासह त्यांनी शेती संशोधनात काम करणाऱ्यांसाठी संख्याशास्त्रीय पद्धतींवर एक पुस्तक लिहिले. अनेक पिढ्यांनी सल्लागारासारखे ते जवळ बाळगले. पीक कापणी प्रयोगांचे महत्त्वही टिकून राहिले. २०१६ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री पीक विमा योजनेत नुकसानभरपाई ठरवण्यासाठी या प्रयोगांतून मिळणाऱ्या उत्पन्नाचा आधार घेतला गेला. दोरीवरच्या चुडाचा हिशेब असा थेट शेतकऱ्याच्या खिशापर्यंत पोचतो.

वेळेवर आलेला सल्ला

आता सल्ला वेळेवर मागितल्याचे एक लहान उदाहरण. कल्याणच्या एका शिक्षिका प्रयोग सुरू करण्याआधीच माझ्याकडे आल्या. त्यांच्या विद्यार्थ्यांना पाहायचे होते, शेणखत घातले तर मेथी अधिक उंच वाढते का? दोन कुंड्या घ्यायच्या, एकीत खत घालायचे, दुसरीत नाही, असा बेत होता. डोंबिवलीच्या मुलांनी मला धडा शिकवला होता. या वेळी मी आधी विचारले, "खताची कुंडी गॅलरीत कोणत्या बाजूला ठेवणार?"

दोनच कुंड्या असल्या तर एक दुसरीपेक्षा उंच असणारच. खताचा काही उपयोग नसला तरीही खताची कुंडी उंच निघण्याची शक्यता १/२, म्हणजे नाणेफेकीइतकी! म्हणून आठ कुंड्या घ्यायचे ठरले. माती एकाच ढिगातली, बिया सारख्या, पाणी मापून. कुंड्यांना १ ते ८ क्रमांक दिले आणि चिठ्ठ्या टाकून त्यांतल्या चार खतासाठी निवडल्या. कोणती कुंडी गॅलरीत कोठे ठेवायची, हेही चिठ्ठ्यांनीच ठरवले. उंची मोजणाऱ्या मुलांना कोणत्या क्रमांकांत खत आहे ते सांगायचे नाही, असा नियम केला.

आठ कुंड्यांतून चार निवडण्याचे प्रकार ७० आहेत. खताचा काहीच परिणाम नसेल, तर नेमक्या खताच्या चारही कुंड्या सर्वांत उंच चार ठरण्याची शक्यता १/७० एवढीच. तसे घडले, तर "हा निव्वळ योगायोग" म्हणणे अवघड जाईल. सहा कुंड्या, म्हणजे तीन-तीन घेतल्या, तर हीच शक्यता १/२० येते. पुस्तकातले कोष्टक न उघडता नववी-दहावीचा विद्यार्थीही हा हिशेब करू शकतो. मात्र कोणता निकष लावायचा ते मोजण्यापूर्वी वहीत लिहून ठेवले पाहिजे. निकाल पाहून निकष ठरवणे म्हणजे बाण लागेल तेथे लक्ष्य रंगवणे!

सल्ला मागणाऱ्यांसाठी

१. प्रयोग सुरू करण्यापूर्वी जा. अर्ध्या तासाच्या बोलण्याने महिन्याची मेहनत वाचते.

२. "सरासरी कशी काढू?" असे विचारण्याआधी, आपल्याला काय जाणून घ्यायचे आहे ते एका वाक्यात लिहा. कोणाबद्दल, केव्हाचे आणि कोणत्या एककात, हे त्या वाक्यात यायला हवे.

३. आकडे जमवून झाले असतील, तर मूळ वही घेऊन जा. नुसत्या सरासऱ्या आणि रंगीत आलेख पाहून सल्लागाराला फारसे काही कळत नाही.

४. बिघडलेले लपवू नका. कोणी उत्तर द्यायला नकार दिला, एके दिवशी पाऊस होता, एक कुंडी मांजराने पाडली, हे सारे सांगा. न पटणारे वाचन खोडू नका. त्याच्याशेजारी शेरा लिहा.

सल्ला देणाऱ्यांसाठी

शिक्षकांनो, सूत्र सांगण्याची घाई करू नका. आधी विचारा : हे आकडे कसे मिळाले? कोण सुटले? एखाद्याचा पाय एकाच बाजूला घसरत असेल असे काही आहे का? उत्तराचा उपयोग कशासाठी करणार? आणि आपल्याला येत नसेल तर तसे स्पष्ट सांगून मुलांना संख्याशास्त्र शिकवणाऱ्या प्राध्यापकांकडे पाठवा. अर्धवट सल्ल्यापेक्षा योग्य माणसाचा पत्ता अधिक उपयोगी असतो.

करून पाहा

एका मोठ्या कागदावर २ सेंटिमीटर त्रिज्येची १६ लहान वर्तुळे आणि ८ सेंटिमीटर त्रिज्येचे एक मोठे वर्तुळ काढा. १६ लहान वर्तुळांचे एकूण क्षेत्रफळ मोठ्याइतकेच आहे, हे पडताळून पाहा. आता सगळीकडे सारखे पडतील अशा बेताने त्यावर तांदळाचे दाणे भुरभुरा. रेषेला स्पर्श करणारा प्रत्येक दाणा आत धरून मोजा. कागद फिरवून हेच चार-पाच वेळा करा आणि बेरीज घ्या. दाणा ६ मिलिमीटर लांब असेल, तर भूमितीवरून लहान वर्तुळांत सुमारे एक पंचमांश आणि मोठ्यात सुमारे एक विसांश दाणे जादा मोजले जायला हवेत. नंतर रेषेवरचे दाणे एक सोडून एक मोजा. दोन्ही बेरजांतील फरक बराचसा नाहीसा होतो का?

मुलांचे पुढे काय झाले?

डोंबिवलीच्या मुलांनी आणखी एक पाहणी केली. शाळेतल्या सर्व विद्यार्थ्यांचे पटावरील क्रमांक चिठ्ठ्यांवर लिहिले आणि साठ घरे निवडली. एका घरातली दोन भावंडे शाळेत असली तर त्या घराला दुप्पट संधी मिळते, हे त्यांच्याच लक्षात आले. म्हणून थोरल्या भावंडाची चिठ्ठी ठेवून धाकट्याची काढून टाकली. प्रत्येक घरातील सर्व कमावत्या माणसांना लागणारा वेळ लिहून घेतला. निष्कर्षाखाली स्पष्ट शब्दांत नोंद केली, की हे फक्त आमच्या शाळेतल्या मुलांच्या कुटुंबांबद्दल आहे, साऱ्या डोंबिवलीबद्दल नाही.

प्रदर्शनात परीक्षकांनी विचारले, "चारशे माणसे हाताशी असताना साठच घरांवर एवढा भर का?" त्या मुलीने उत्तर दिले, "त्या चारशेंत माझे बाबा येऊच शकत नव्हते. या साठांत येऊ शकले असते."

तिच्या घराची चिठ्ठी निघाली नव्हती. पण ती डब्यात होती.

विचार करा

१. सकाळी आठ वाजता सरकारी दवाखान्याच्या रांगेत उभ्या असलेल्यांना "महिन्यातून किती वेळा आजारी पडता?" असे विचारले. गावाबद्दल काढलेली सरासरी कोणत्या बाजूला चुकेल?

२. वर्गातल्या प्रत्येकाला "तुम्ही एकूण किती भावंडे?" असे विचारून सरासरी काढली. ज्या घरांत एकही मूल नाही, त्यांचे काय झाले? जास्त मुले असलेल्या घरांना जास्त संधी मिळाली का?

३. दहा कुंड्या, पाच-पाच घेतल्या, तर वरच्या प्रयोगातील १/७० ऐवजी कोणता अपूर्णांक येईल?